‘सीपीयू बदला’ म्हणजे नेमके काय बदलायचे?

वाचनालय_चिटणीस

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे. ग्रंथांची दाखलनोंद आणि सभासदांच्या वर्गणीचा हिशेब ज्या संगणकावर ठेवला जातो, तो २०१७ मध्ये घेतलेला आहे. गेल्या वर्षभरापासून सकाळी बटण दाबल्यावर तो हाताशी येईपर्यंत पाच-सहा मिनिटे जातात आणि तोवर देवघेवीच्या टेबलापाशी रांग लागलेली असते. तालुक्याच्या एका दुकानदाराने तपासणी करून जे दरपत्रक दिले, त्यात ‘सीपीयू आय-५’, ‘मेमरी ५१२’ आणि ‘एसएमपीएस ४५० वॅट’ अशा तीन ओळी व खाली २८,५०० रुपये एवढी रक्कम, याखेरीज काहीही नाही.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत यावर तीन प्रश्न निघाले आणि मला एकाचेही उत्तर देता आले नाही. पहिला, सीपीयू म्हणजे टेबलाखालची काळी पेटीच ना, मग ती धडधाकट असताना बदलायची कशासाठी? दुसरा, सध्या एक टीबी जागा असताना पैसे मोजून ५१२ जीबी, म्हणजे निम्मी जागा का घ्यायची? तिसरा प्रश्न आमच्या कोषाध्यक्षांचा आहे. एक टीबीची म्हणून घेतलेली डिस्क पडद्यावर ९३१ जीबीच दिसते, तेव्हा २०१७ मध्येच आपली फसवणूक झाली होती काय, असे ते विचारतात. संगणकाच्या माहितीत ‘आय५-६५००’ आणि ‘४ जीबी’ असे लिहिलेले आढळते. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

तिसरा_मजला

चिटणीससाहेब, आपल्या मंडळाचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे ‘सीपीयू’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी सर्रास वापरला जातो. टेबलाखालची पेटी म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, ज्याला दुकानात प्रोसेसर म्हणतात, तो त्या पेटीतील मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डवर, पंख्याखाली झाकलेला असतो आणि आपल्या संगणकातला तर जेमतेम पावणेचार सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आहे. दरपत्रकातील पहिल्या ओळीचा अर्थ यांपैकी कोणता, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे, कारण दोन्हींच्या किमतीत मोठे अंतर पडते.

‘आय-५’ एवढेच लिहिणेही पुरेसे नाही. आपला सध्याचा प्रोसेसरसुद्धा आय-५ च आहे! ६५०० मधील पहिला ६ हा आकडा सहावी पिढी दाखवतो आणि त्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे चार भाग, आहेत. १२४०० असे लिहिलेला बाराव्या पिढीचा असून त्यात सहा कोअर आहेत, पण दोन्हींच्या खोक्यावर नाव तेच. शिवाय असा नव्या पिढीचा प्रोसेसर एकटा बदलता येत नाही. आपल्या बोर्डावरील सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, १,१५१ टोकांचा आहे आणि बाराव्या पिढीला १,७०० टोकांचा लागतो, म्हणजे प्रोसेसरपाठोपाठ बोर्ड बदलणे आले, आणि बोर्ड बदलला की जुनी रॅम (चालू कामापुरती स्मृती, तिच्याविषयी पुढे येईलच) त्यात बसेलच याची खात्री नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या जुन्या व नव्या प्रकारांच्या दोन्ही पट्ट्यांना २८८ टोकेच असतात, परंतु मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि दाबून बसवू पाहणाऱ्याने पट्टी मोडल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ‘मेमरी’. हा शब्द तर सीपीयूपेक्षाही अधिक घात करतो, कारण तो रॅमलाही लावतात आणि डिस्कलाही. आपल्याकडील ४ जीबी ही रॅम आहे. चालू काम तिच्यावर होते आणि वीज गेली की ती कोरी होते. दाखलनोंदीचे रकाने भरत असताना जतन न करता वीज गेली आणि सगळे पुन्हा लिहावे लागले, असा अनुभव आपल्याला असेलच. तेव्हा गेले ते रॅममधून गेले, डिस्कवर ते पोहोचलेच नव्हते. रॅम म्हणजे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट ही उपमा सगळे देतात, मला ती अर्धीच पटते, कारण दिवे गेले म्हणून टेबलावरचे कागद नाहीसे होत नाहीत.

दरपत्रकातील ५१२ ही बहुधा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क असावी, कारण वाचनालयाच्या संगणकाला ५१२ जीबी रॅम कोणी सुचवणार नाही. आपली सध्याची डिस्क फिरत्या तबकड्यांची आहे. अशी तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते असे धरले, तर एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात तबकडीवरची माहिती वाचणारे शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवावा लागतो, आणि म्हणून विखुरलेल्या लहान फाइली वाचताना ती सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या पलीकडे फारशी जात नाही. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हा विलंब जवळजवळ नाहीसा होतो. जागा निम्मी होते हे खरे, परंतु ग्रंथनोंदी आणि वर्गणीचा हिशेब यांना ५१२ जीबी पुरून उरतील. माझ्या मते ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी एवढ्यावर आपले काम भागेल. २८,५०० खर्चण्याचे कारण दिसत नाही.

हिशेबी_मास्तर

कोषाध्यक्षांना सांगावे की फसवणूक झालेली नाही. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात आणि तेवढे बाइट त्या डिस्कमध्ये खरोखर असतात. विंडोज मात्र जीबी मोजताना १,०२४ ने तीनदा भागते, म्हणजे तिचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा होतो. एक लाख कोटीला या संख्येने भागून पाहावे, उत्तर ९३१ च येईल. नवी ५१२ ची एसएसडी घेतल्यावर पडद्यावर ४७६ दिसतील. हे आधीच इतिवृत्तात नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या बैठकीत वाद नको.

हा घोळ मिटवण्यासाठी १,०२४ च्या मोजणीला ‘गिबीबाइट’ असे वेगळे नाव १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने दिले, पण विंडोज अजूनही जुनेच ‘जीबी’ लिहिते. रॅमच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण ती बनवणारेही १,०२४ चीच मोजणी धरतात.

खोडरबर

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. ‘तिसरा मजला’ यांचे विवेचन योग्य आहे, तथापि त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. इंटेलच्या कोअर मालिकेपुरते बोलायचे तर मोजके अपवाद सोडता ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक इंटरनेटला जोडलेला असेल आणि त्यावर सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतील, तर दुकानदाराने बोर्डासह प्रोसेसर सुचवण्यामागे कारण असू शकते. त्याने ते लिहून द्यायला हवे होते, ही तक्रार मात्र रास्तच आहे.

काही ठरवण्यापूर्वी एक पाहणी करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारी खिडकी, उघडा. संगणक रेंगाळत असताना ‘डिस्क’समोर १०० टक्के दिसत असतील, तर दोष प्रोसेसरकडे नाही. तेथेच ‘मेमरी’वर टिचकी मारल्यास रॅमच्या पट्ट्या बसवायच्या किती खाचा भरल्या आहेत हे कळते. एसएसडी घेताना ‘सॅटा, अडीच इंची’ असे स्पष्ट सांगा. एम-टू हे पट्टीच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. त्या आकारात सॅटा या जुन्या जोडणीचीही मिळते आणि एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीचीही, आणि आपल्या जुन्या बोर्डावर त्यासाठी जागा असेलच असे नाही.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतील २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारी पेटी. संगणक मध्येच बंद पडत नसेल आणि जळका वास येत नसेल, तर ती ओळ खोडायला सांगा. रॅम काढलीच, तर तिची सोनेरी टोके पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवा. माझ्याकडे येणाऱ्या ‘बंद’ संगणकांपैकी काही एवढ्यावरच सुरू होतात.

वाचनालय_चिटणीस

सर्वांचे आभार. आज वाचनालय बंद झाल्यावर वीज काढून पेटी उघडली. आत बोटभर धूळ होती. रॅमची एकच पट्टी दिसली आणि तिच्या शेजारची खाच रिकामी आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क पहिली चार मिनिटे १०० वर होती, प्रोसेसर २० च्या वर क्वचितच गेला. दुकानदाराला दूरध्वनी केला असता ‘सीपीयू’ म्हणजे त्यांना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही मिळून अभिप्रेत होते असे समजले. प्रत्येकाच्या मॉडेल क्रमांकासह नवे दरपत्रक ते सोमवारी देणार आहेत. सभासदांची माहिती या संगणकावर असल्यामुळे विंडोजचा मुद्दा मंडळापुढे ठेवणे भाग आहे. एकच शंका उरते: जुनी एक टीबीची डिस्क टाकून द्यावी काय?

खोडरबर

मुळीच नाही. तिला यूएसबीचे बाहेरचे कव्हर मिळते. डिस्क साडेतीन इंची असल्यामुळे विजेचा वेगळा ॲडॅप्टर असलेलेच कव्हर घ्या आणि दर शनिवारी दाखलनोंदीची एक प्रत तिच्यावर उतरवून घ्या. पण नऊ वर्षांची डिस्क आहे, तेव्हा एकमेव प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नका, आणि नवी एसएसडी बसवण्यापूर्वी पहिली प्रत आजच एखाद्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा.