मदत हवी आहे : मध्यमवयीन रॅट माद्यांत एलएचची लाट दिसत नाही

अभ्यासिका : माझ्या पीएच.डी.च्या प्रयोगात रॅटच्या (मोठ्या उंदरांच्या) १० महिन्यांच्या माद्यांमध्ये प्रोइस्ट्रसच्या (चक्रातील बीजमोचनाच्या लगेच आधीच्या टप्प्याच्या) दिवशी एलएचची, म्हणजे बीजमोचन घडवणाऱ्या संप्रेरकाची, लाट दिसत नाही, ३ महिन्यांच्या माद्यांत मात्र ती स्पष्ट दिसते. वयामुळे बीजकोश थकले आहेत, तेव्हा त्यांचे छेद घेऊन पुटिका (बीजांड वाढवणाऱ्या पिशव्या) मोजाव्यात, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण या माद्यांची चक्रे अजून नियमित आहेत. प्रगती अहवाल लवकरच द्यायचा असल्याने दोष बीजकोशात आहे की मेंदूत, हे कसे ठरवावे ते कृपया त्वरित सांगावे.

जुनी_प्रयोगशाळा : माद्या कोणत्या जातीच्या आहेत, दिवे किती वाजता लागतात व मालवतात, आणि रक्त किती वाजता, किती वेळा घेतले? ही माहिती मिळाल्याखेरीज उत्तर देणे शक्य नाही.

पुटिका_गणक : मार्गदर्शकांचे म्हणणे योग्य आहे. आमच्याकडे सी५७ जातीच्या काळ्या माऊसमध्ये (लहान उंदरांत) वयाबरोबर पुटिकांचा साठा घटलेला स्पष्ट दिसतो. आपण व्हीसीडी हे रसायन वापरावे. ते लहान पुटिका नष्ट करते आणि स्त्रियांच्या रजोनिवृत्तीशी मिळतेजुळते चित्र उभे करते.

जुनी_प्रयोगशाळा : रजोनिवृत्तीचे प्रतिरूप हवे असे त्यांनी विचारलेले नाही. शिवाय माऊसचा निष्कर्ष रॅटवर जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. चक्रे थांबून सतत इस्ट्रसमध्ये (माजाच्या टप्प्यात) राहणाऱ्या रॅट माद्यांच्या बीजकोशात पुटिका शिल्लक असतात आणि इस्ट्रॅडायोल हे बीजकोशाचे संप्रेरकही तयार होत असते. त्यांचे बीजकोश तरुण माद्यांत बसवले, तर चक्रे पुष्कळदा पुन्हा सुरू होतात. उलट तरुण बीजकोश म्हाताऱ्या माद्यांत बसवल्याने चक्रे सहसा परतत नाहीत.

पुटिका_गणक : तरीही बीजकोशाला निर्दोष ठरवू नये. दीर्घकाळ बीजकोशाविना ठेवलेल्या माऊस माद्यांत पुढे तरुण बीजकोश बसवले, तेव्हा चक्रे अधिक चांगली परतली. म्हणजे बीजकोशाच्या संप्रेरकांचा दीर्घकाळचा संपर्कच हायपोथॅलॅमसला (मेंदूतील संप्रेरक-नियंत्रक भागाला) झिजवतो, असे मानण्यास आधार आहे.

अभ्यासिका : जात विस्टर. दिवे सकाळी ६ ते सायंकाळी ६. रक्त प्रोइस्ट्रसला सायंकाळी ५ वाजता एकदाच घेतले, आणि चक्राचा टप्पा रोजच्या योनी-स्मिअरवरून (योनीतील पेशींच्या नमुन्यावरून) ठरवला.

जुनी_प्रयोगशाळा : मग आधी वेळेचाच प्रश्न सोडवावा लागेल. ही लाट दिवे-अंधाराच्या घड्याळाशी बांधलेली असून काही तासच टिकते, आणि मध्यमवयीन माद्यांमध्ये, चक्रे नियमित असतानाही, ती उशिरा येते व तिची उंची कमी असते. एकाच नमुन्यातून लाट नाही की ती अजून यायची आहे, हे कळणार नाही. नैतिकता समितीची मान्यता घेऊन मानेच्या शिरेत आधीच बसवलेल्या नळीतून दुपारी २ ते रात्री ८ पर्यंत ठराविक अंतराने थोडे थोडे रक्त घ्यावे. ६ नंतर मंद लाल प्रकाशातच काम करावे.

शुद्ध_स्मिअर : स्मिअर घेताना काडी खोल गेल्यास गर्भाशयाच्या ग्रीवेला उत्तेजन मिळून छद्मगर्भ (गर्भ नसताना गर्भारपणासारखी स्थिती) उद्भवतो आणि माद्या बारा-तेरा दिवस डायइस्ट्रसमध्ये (चक्राच्या विश्रांतीच्या टप्प्यात) अडकतात. त्याऐवजी ड्रॉपरने सलाइन सोडून धुवण घ्यावे. आम्ही तेच करतो आणि सर्वांनीच करावे.

अभ्यासिका : चक्रे अडकलेली नाहीत, ती चार-पाच दिवसांचीच आहेत. लाट उशिरा व ठेंगणीच आढळली, तर पुढे काय करावे?

जुनी_प्रयोगशाळा : दोन्ही वयोगटांतील माद्यांचे बीजकोश काढून त्यांना इस्ट्रॅडायोल व नंतर प्रोजेस्टेरॉन समान मात्रेत द्यावे, म्हणजे बीजकोशातील फरक आपोआप बाजूला पडतो. तरीही वयस्क गटाची लाट कमी राहिली, तर जीएनआरएच (पीयूषिकेला एलएच सोडायला लावणारे हायपोथॅलॅमसचे संप्रेरक) टोचून पीयूषिका, म्हणजे मेंदूच्या तळाची ग्रंथी, प्रतिसाद देते का ते पाहावे. ती चांगला प्रतिसाद देत असेल, तर दोष तिच्या वरच्या पातळीवर, म्हणजे मेंदूत आहे. मध्यमवयीन रॅटमध्ये जीएनआरएच पेशींची संख्या फारशी घटत नाही. लाटेच्या वेळी त्यांपैकी कमी पेशी जाग्या होतात, आणि हे सी-फॉसच्या (सक्रिय पेशींत दिसणाऱ्या प्रथिनाच्या) रंजनाने दाखवता येते. त्यांना चेतवणाऱ्या मेंदूतील किसपेप्टिन पेशींचा इस्ट्रॅडायोलला मिळणारा प्रतिसादही त्याच छेदांत तपासावा. पुटिकांची मोजणी त्यानंतर करता येईल.

पुटिका_गणक : मोजणी आधी करण्यात तोटा नाही; काढलेले बीजकोश फेकून न देता फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत.

अभ्यासिका : ही सूचना मान्य आहे. नमुन्यांच्या वेळा बदलण्यासाठी समितीकडे आजच अर्ज करते आणि अहवालात एका नमुन्याची मर्यादा स्पष्ट लिहिते.