स्लो कुकरमधलं सोपं कॅसरोल : घरच्या रात्रीच्या जेवणासाठी सल्ला हवा

अबोली
नमस्कार मंडळी. घरात पाच लिटरचा स्लो कुकर (विजेवर मंद आचेत तासन्‌तास शिजवणारं भांडं) आलाय आणि पहिल्यांदा त्यात कॅसरोलच, म्हणजे भाज्या किंवा मांस रसासकट एकाच भांड्यात सावकाश शिजवलेला पदार्थ, करायचं असं ठरवलंय. आम्ही पाच जण. मी आणि नवरा सकाळी आठला बाहेर पडतो, संध्याकाळी सहाला परततो. साडेसहा-सातला सगळे एकत्र जेवायला बसतात. दिवसभरात सगळ्यांची भेट होते ती तेवढीच, म्हणून त्या वेळी मला गॅसपाशी अडकून पडायचं नाही.

सासूबाई शाकाहारी, मुलांना चिकन हवं. धाकटीला गाळ झालेल्या भाज्या अजिबात चालत नाहीत. शोधलं तर ढीगभर कृती मिळतात, पण प्रत्येकीत वेळ वेगळी आणि पाणीही वेगळं. कुणी म्हणतं सगळं एकदम टाका, कुणी म्हणतं आधी परतून घ्या. तुमच्या हातची एखादी खात्रीची कृती सांगाल का? काय टाळायचं तेही सांगा.

कढईवाला
पाच जणांना पाच लिटरचा कुकर अगदी योग्य. फक्त भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं हवं. त्याहून कमी असलं तर कडेचं करपायला लागतं, काठोकाठ भरलं तर मधला भाग तापायलाच फार वेळ जातो.

कुकर साध्या बटणाचा आहे की डिजिटल? वेळ संपल्यावर आपोआप वॉर्मवर जातो का? पुढचं बरंचसं त्यावर ठरेल.

अबोली
साधाच आहे. लो, हाय, वॉर्म, बस. सासूबाई घरी असतात, पण त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार टाकायचा नाही.

कढईवाला
एकदा बटण फिरवायला त्यांना सांगाच, कारण तुमचे दहा तास भरतात आणि लोवर कॅसरोलला सात तास पुरतात. आठला सुरू केलंत तर तीनला वॉर्मवर. वॉर्मवर अन्न 60 अंशांच्या वर राहतं, त्यामुळे तीन-साडेतीन तास काही बिघडत नाही. पुढे ठेवू नका, बटाटे विरघळायला लागतात.

प्लगला टायमर लावून परस्पर वीज बंद करायची युक्ती काही जण सुचवतील. ती नको. वीज गेली की अन्न हळूहळू कोमट होत जातं, आणि 5 ते 60 अंशांच्या मधला पट्टा जंतूंना सगळ्यात मानवतो. दिवसा घरी कुणी नसताना वीज जाऊन आली आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर ते अन्न वरून शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यावं.

सांजवात
अबोली, शाकाहारी आणि चिकन खाणारे एका टेबलावर असतील तर माझं स्पष्ट मत असं की कुकरमधलं कॅसरोल शाकाहारीच करावं आणि चिकन बाजूला ओव्हनमध्ये. एकाच भांड्यात दोन भाग करायचे प्रयत्न करू नये. रस सगळा एक होतो आणि सासूबाईंच्या ताटात शेवटी बटाटेच तेवढे पडतात. उलट केलंत तर मुख्य पदार्थ पाचही जण खातात आणि चिकन ज्याला हवं त्याला.

माझी कृती देते, पाच जणांना पोटभर होते.

एक किलो बटाट्यांच्या अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, दोन गाजरं, दोन मोठे कांदे, पाव किलो मशरूम, दोन वाट्या शिजलेला राजमा किंवा पांढरे बीन्स, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं, चमचाभर सुकं थाइम (एक सुगंधी पाला), मीठ, मिरपूड. भाज्यांचं स्टॉक (भाज्या उकळून गाळलेलं पाणी) फक्त एक कप. शेवटी घालायला एक कप मटार, अर्धा कप क्रीम, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दीड कप किसलेलं चीज.

बटाटे-गाजरं तळाशी आणि कडेने. उष्णता तिथून येते आणि कंदमुळांना मऊ व्हायला मांसापेक्षाही जास्त वेळ लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यावर बीन्स, त्यावर परतलेला कांदा-मशरूम. गरम स्टॉक कडेने ओता, झाकण लावा, लोवर सात तास. हायवर करायचं झालं तर साडेतीन ते चार.

एक कप स्टॉक फार कमी वाटेल, पण हात आवरा. गॅसवर जसं पाणी आटतं तसं इथे आटत नाही. वाफ झाकणाला लागून परत खाली येते आणि मशरूम-कांद्याचं पाणी सुटतं ते वेगळंच. साध्या कॅसरोलची कृती स्लो कुकरमध्ये आणताना द्रव तिसऱ्या हिश्शाने तरी कमी करायचा, कधीकधी निम्म्याने.

सहाला घरी आलात की बटण हायवर. क्रीममध्ये कॉर्नफ्लोअर नीट कालवून हलक्या हाताने मिसळा, मटार घाला, वर चीज पसरा, झाकण लावा. अर्ध्या तासात रस दाटतो, चीज वितळतं. क्रीम, दूध, दही यांतलं काहीही सकाळी घालायचं नाही. तासन्‌तास शिजून ते फाटतं आणि चव चांगली असली तरी दिसायला वाईट दिसतं.

धाकटीसाठी एवढंच: मटार, पालक, सिमला मिरची अशा नाजूक भाज्या नेहमी शेवटच्या अर्ध्या तासात. सकाळी काय पडतं आणि संध्याकाळी काय पडतं एवढं जमलं की कॅसरोल जमलं.

निवांत
कृती छान आहे, पण कांदा-मशरूम परतायची काय गरज? सोपं हवंय ना त्यांना. सकाळी सातला कोण कढई घेऊन बसणार. मी तर सगळं कच्चं टाकते आणि घरचे आवडीने खातात.

सांजवात
निवांत, शिजेल नक्कीच, त्यात शंका नाही. पण कांद्या-मांसाला जो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे, आणि स्लो कुकर लोवर असो की हायवर, उकळीच्या वर जातच नाही. आत सगळं ओलसर असतं. त्यामुळे तो खमंगपणा कढईतूनच आणावा लागतो. शाकाहारी कॅसरोलमध्ये तर तो फारच लागतो, कारण मांसाचा रस तिथे नसतो. दहा मिनिटं लागतात, आणि ती आदल्या रात्री घालवता येतात. परतून, गार करून, डब्यात भरून फ्रिजमध्ये.

निवांत
आदल्या रात्री करायचं असेल तर पटतं. मग बटाटेही रात्रीच चिरून पाण्यात बुडवून ठेवा, काळे पडत नाहीत. सकाळी निथळून घ्यायचे.

रानफूल
फक्त एक भर. सगळं चिरून कुकरच्याच भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. ते जाड सिरॅमिक थंडगार होतं, मग तापायला कितीतरी जास्त वेळ घेतं. आणि गार भांडं एकदम तापलेल्या कुकरमध्ये बसवलं तर तडा जाऊ शकतो. साहित्य डब्यांत, भांडं बाहेर.

डाळिंबी
सांजवातताईंनी "शिजलेला राजमा" लिहिलंय, त्यातला "शिजलेला" कृपा करून कुणी नजरेआड करू नका. राजमा नुसता भिजवून कच्चा स्लो कुकरमध्ये टाकणं धोक्याचं आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळ उकळीत नष्ट होतं, पण लोवरच्या मंद आचेत टिकून राहू शकतं. 80 अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्याहूनही जास्त बाधतो. चार-पाच दाण्यांनीसुद्धा काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. मी अर्धा तास उकळते. प्रेशर कुकरमध्ये शिजवून घेतलात तर प्रश्नच मिटला. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो धुऊन थेट चालतो.

हे इतक्या आग्रहाने सांगते कारण कडधान्यं आणि स्लो कुकर यांची जोडी लोकांच्या मनात पक्की आहे, आणि ते साहजिकच आहे. आयर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये ज्या भांड्याचं पेटंट मिळालं ते "नॅक्सन बीनरी" या नावाने, म्हणजे बीन्स शिजवण्यासाठीच, विकलं जायचं. पुढे 1971 मध्ये रायव्हल कंपनीने तेच सुधारून "क्रॉक-पॉट" म्हणून आणलं. त्यामुळे कच्चे दाणे थेट टाकावेत असं कुणालाही वाटेल. राजम्याच्या बाबतीत तसं करू नका.

अबोली
डाळिंबी, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. राजमा रात्रीच प्रेशर कुकरला लावेन.

कॅसरोलमध्ये टोमॅटो नाहीत हे मुद्दाम का? मुलांना टोमॅटोची आंबट चव आवडते. आणि चिकन ओव्हनमध्ये कसं, तेही सांगा.

सांजवात
मुद्दामच. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, सात तासांनंतरही चकती मधे कचकचीत लागू शकते. टोमॅटो हवेच असतील तर त्यांची वेगळी दाट प्युरी करून संध्याकाळी क्रीमच्या आधी मिसळा, बटाटा तोवर शिजलेला असतो. तसं केलंत तर क्रीम निम्मं करा.

कढईवाला
चिकन: मांड्यांचे तुकडे घ्या, छातीचे नकोत. रात्रीच मीठ, मिरपूड, लसूण, थोडं तेल चोळून फ्रिजमध्ये झाकून ठेवा, भाज्यांपासून वेगळ्या डब्यात. घरी आल्या आल्या ओव्हन 200 अंशांवर लावा, तापला की तुकडे आत, 35 ते 40 मिनिटं. सगळ्यात जाड जागी आतलं तापमान 74 अंश झालं की तयार. कॅसरोलचा शेवटचा अर्धा तास आणि हे जवळपास बरोबरच होतं, तुम्हाला मधे उभं राहावं लागत नाही.

पुढे कधी चिकनचंच कॅसरोल केलंत तरी मांड्याच घ्या. त्यातल्या चिवट तंतूंचं सावकाश शिजताना जिलेटिन होतं, मांस रसदार राहतं. छातीत ते तंतू फारसे नसतात, म्हणून ती सात तासांत कोरडी पडून पिंजते. आणि गोठलेलं चिकन कधीही थेट टाकू नका, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये सुटू द्या.

रानफूल
मधे झाकण उघडून बघायचा मोह सगळ्यांना होतो. सासूबाईंना प्रेमाने सांगून ठेवा. एकदा उघडलं की साठलेली सगळी उष्णता जाते आणि ती भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. काचेतून दिसत नसेल तर झाकणावर हलकी टिचकी मारा, थेंब गळून आतलं दिसतं.

चीज घातल्यावर मात्र झाकणाखाली स्वच्छ कोरडं सुती फडकं ताणून बसवते मी. वाफेचं पाणी ते शोषतं, चीजवर डबकी साचत नाहीत. फडक्याची टोकं झाकणावर उलटी दुमडायची, खाली गरम भागाला लागू द्यायची नाहीत.

अबोली
फडक्याचं फारच आवडलं. आता असं ठरवलं: शुक्रवारी रात्री राजमा, कांदा-मशरूम, चिरणं आणि चिकन चोळून ठेवणं. शनिवारी माझं अर्धा दिवस काम असतं, त्यामुळे पहिल्या वेळी तीनचं बटण मीच फिरवेन. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सोमवारपासून मला दाखव, एवढं काय त्यात." टोमॅटो यावेळी नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी स्लो कुकरमध्येच गरम केलं तर चालेल ना?

डाळिंबी
नाही, तेवढं नको. गार अन्न त्यात फार सावकाश तापतं आणि तो मधला धोक्याचा पट्टा लांबतो. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं काढून उथळ डब्यांत भरा, भांड्यातच गार व्हायला ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, मधेमधे हलवत, पूर्ण वाफ येईपर्यंत. बटाट्याने रात्रभरात रस ओढलेला असतो, दोन चमचे गरम स्टॉक घाला.