मदत हवी आहे : अंतोनोव ए-१५ ग्लायडरचं मॉडेल

नमस्कार मंडळी,
१९६० साली पहिल्यांदा उडालेल्या अंतोनोव ए-१५ या सोव्हिएत ग्लायडरचं १:६ प्रमाणातलं रेडिओ कंट्रोल मॉडेल करायला घेतलंय. मूळ पंखविस्तार १८ मीटर, म्हणजे माझा बरोबर ३ मीटर. विमानरचनाकार ओलेग अंतोनोवना आपण मालवाहू विमानांमुळे ओळखतो, पण त्यांची सुरुवात ग्लायडरपासूनच झाली. १९३९ मध्ये ओल्गा क्लेपिकोवाने त्यांच्याच रोट फ्रंट-७ या ग्लायडरमधून ७४९ किलोमीटर अंतराचा विक्रम केला होता! ए-११ आणि ए-१३ नंतर आलेलं ए-१५ मला त्या घराण्यातलं सर्वांत देखणं वाटतं. पूर्ण धातूचं, पंखात पाण्याच्या टाक्या आणि मागे व्ही आकाराची शेपटी.

अडलंय ते शेपटीपाशी. दोन्ही पाती एका दिशेने हलली की नाक वर-खाली होतं, उलटसुलट हलली की डावी-उजवीकडे वळतं. ट्रान्समीटरवर हे मिक्सिंग (दोन्ही हालचाली एकत्र करणं) बसवलंय. पण वळताना हीच पाती मॉडेलला वळणाच्या उलट बाजूला कलवतात, त्यामुळे एलेरॉन (पंखांवरची कलवणारी पाती) किती जोडीला द्यावे ते कळत नाही. व्ही टेल उडवलेल्यांनी कृपया सांगावं, रडरचा (डावी-उजवीकडे वळवण्याचा) थ्रो, म्हणजे पात्यांची हालचाल, एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करण्याच्या) किती टक्के ठेवता?

दुसरं, शेपटी आणि पंखाची मुळाची जाडी स्पष्ट दिसेल असा तीन बाजूंचा आराखडा कुणाकडे आहे का? रशियन मजकूर असला तरी चालेल. बाल्सा (हलकं लाकूड) कापण्याआधी मापं पक्की करायची आहेत.