मदत हवी आहे: जळक्या खोडावरची पालवी फोटोत नीट येत नाही

वणव्यानंतरचं जंगल वर्षभर एकाच जागेवरून टिपायचं ठरवलंय. पहिल्याच फेरीत घोळ झाला. कोळसा झालेल्या सालीतून बोटभर तांबूस पालवी फुटलेली, पण फोटोत खोड राखाडी आणि पालवी पांढुरकी! काळं जास्त दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो, हे माहीत आहे. म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) उणे 1 केलं, तर सालीच्या भेगा काळोखात बुडाल्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढून सावल्या नंतर उजळाव्यात, की ढगाळ दिवसाची वाट पाहावी? आणि दर महिन्याला नेमकी तीच चौकट कशी जुळवता? खुणेला दगड रचले होते, ते कुणीतरी (बहुधा रानडुकरानं) उधळले. राखेत ट्रायपॉड रुततो, ते वेगळंच.