मदत हवी आहे: आई-बाबांबरोबर नॅरोबोटीवर एक दिवस, सुकाणू बाबांच्या हातात द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे स्विंडनला आलेत. लंडन झालं, स्टोनहेंज झालं (आई: "हे दगड बघायला तिकीट?"). मागच्या रविवारी बाथला कालव्याच्या काठाने चालत होतो. शेजारून एक नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) आमच्याहूनही हळू चालली होती. मागच्या टोकाला एक आजोबा उभे, एका हातात चहाचा मग, दुसरा हात सुकाणूच्या पितळी दांड्यावर. बाबा जागच्या जागी थांबले. "ह्याला ब्रेक कुठाय?"

बाबा एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वाई-पाचगणी मार्गावर. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

तर पुढच्या शनिवारी एक दिवसाची बोट भाड्याने घ्यायचा विचार आहे. केनेट-एव्हन कालवा, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून निघून डंडासच्या जलसेतूपर्यंत (कालव्याला नदीवरून नेणारा पूल) आणि परत. आम्ही चौघे मोठे आणि सहा वर्षांची लेक. लायसन्स लागत नाही असं वाचलं, ते खरं का? एवढं अंतर दिवसात होतं का? बाबांचा गुडघा दुखतो, म्हणजे लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कोठीची) दारं ढकलणं त्यांच्याकडून होणार नाही. आईला पाण्याची भीती आहे, शिवाय मधुमेह असल्याने तिला बाथरूम जवळ लागतं. आणि मुख्य प्रश्न: बाबांना चालवू द्यावं का? नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

काठावरचा:
लायसन्स लागत नाही. निघताना बोटवाले अर्धा-पाऊण तास शिकवतात. ब्रॅडफर्डच्या लॉकच्या खालच्या बाजूने सुटणारी बोट मिळते का बघा. तिथून डंडासपर्यंत एकही लॉक नाही, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्नच मिटला. अंतर एका बाजूने साधारण साडेचार-पाच मैल. वेगमर्यादा ताशी ४ मैल, पण त्या पट्ट्यात काठाला बोटींची रांगच्या रांग बांधलेली असते आणि त्यांच्याजवळून अगदी सावकाश जावं लागतं. नाहीतर त्यांना बांधलेल्या काठावरच्या मेखा उपटतात, आतल्या माणसाचा चहा सांडतो आणि तो खिडकीतून डोकं काढून काय बोलतो ते लेकीला ऐकवण्यासारखं नसतं. एका बाजूला अडीच तास धरा. डंडासला बोट वळवायला जागा आहे.

दांडगोबा:
पाँटकिसिल्टेच्या जलसेतूला का जात नाही? १२६ फूट उंच, टेलफर्ड ह्या इंजिनिअरचं काम, जागतिक वारसा!

काठावरचा:
तो वेल्समध्ये, आणि त्याच्या एका बाजूला कठडाच नाही. बोटीतून खाली बघितलं की थेट दरी. ताईंच्या आईंना पाण्याची भीती आहे हो.

कालवाकाकू:
आईंना सांगा, कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असतो. तरी लाइफ जॅकेट मागून घ्या. संडास सगळ्या डे-बोटींवर नसतो, बुक करतानाच विचारा.

आता बाबांचं. चालवू द्या, पण पहिला अर्धा तास शेजारी उभ्या राहा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. त्यात ती मधल्या बिंदूवर फिरते, म्हणजे नाक एकीकडे वळलं की शेपूट दुसरीकडे जातं. एसटीवाल्यांना मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांच्या पुढे गेलेला बसचा भाग) माहीत असतो, त्यांना हे आपल्याआधी कळेल. ब्रेक नाही, रिव्हर्स टाकूनच थांबायचं, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काहीच ऐकत नाही. समोरून बोट आली की उजवीकडून जायचं. इंग्लंडच्या रस्त्याच्या उलट, हे त्यांना घोकून घ्यायला लावा. बोट भिंतीला लागणार असं दिसलं तरी हातापायाने अडवायला कुणीही जायचं नाही. लागू दे. आमच्या ह्यांचा अंगठा त्यातच सुजला होता.

वाटेत एव्हनक्लिफ आणि शेवटी डंडास, असे दोन जलसेतू. एकच एव्हन नदी तुम्ही दोनदा ओलांडता. दोन्ही जॉन रेनी ह्या इंजिनिअरचे. एव्हनक्लिफची मधली कमान खचलेली आहे, खाली उतरून बघितलं की कळतं. डंडास १८०५ चा. खाली नदी, रेल्वे आणि वर आपण थालीपीठ खात. पण या सेतूंवर चढताना काटकोनात वळावं लागतं, पलीकडचं काही दिसत नाही. तिथे वळणाआधी लांब हॉर्न द्यायचा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! संडास असलेली बोट मिळाली, लॉकच्या खालूनच सुटणारी. बाबांना सगळं वाचून दाखवलं. उजवीकडून जायचं म्हटल्यावर चेहरा पडला, पण हॉर्नचं ऐकून म्हणाले, "मग हे पसरणी घाटासारखंच की. वळणावर हॉर्न, चढणाऱ्याला वाट." इथे कुणी चढत नाही हे मी सांगितलेलं नाही.

आईचा प्रश्न उरला: बोटीवर शेगडी असते म्हणे, तर तवा न्यावा का?

कालवाकाकू:
शेगडी असली तर ती किटलीपुरतीच. थालीपीठं घरून करून न्या, वर लोण्याचा डबा. आणि बदकांना लेकीच्या ताटापासून लांब ठेवा.