पाणी तोडणे हा उपाय नव्हे
कर्करोगासाठी ओटीपोटाच्या भागावर रेडिएशन (किरणोपचार) घेतल्यानंतर वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणीच कमी प्यावे, हा काहीजण देतात तो सल्ला निदान आपल्या खान्देशात तरी धोक्याचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जात असताना पाणी तोडले, तर लघवी दाट होते आणि किरणोपचाराने आधीच दाह झालेल्या मूत्राशयाच्या अस्तराला ती अधिकच झोंबते. रात्रीचे उठणे कमी करायचे असल्यास झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास तेवढे पाणी आवरावे.

माझ्या वडिलांना उपयोग झाला तो चहा कमी केल्याचा (आमच्याकडे पाहुणा आला की चहा, निघाला की पुन्हा चहा!) आणि घाई वाटताच न धावता, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून, दोन वेळांमधले अंतर हळूहळू १५-१५ मिनिटांनी वाढवत नेल्याचा. लघवीत रक्त दिसले किंवा लघवी अडली, तर मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे.