‘अंतर्यामी’ आणि ‘क्षमा’

विचारणा : देव अंतर्यामी आहे, म्हणजे तो मनातलं ओळखतो, असाच अर्थ ना? मग ‘अंतर्यामी खूण पटली’ यात तोच शब्द मनासाठी कसा येतो? आणि देवाकडे मागायची ती माफी की क्षमा?

– दिसायला एक असले तरी हे दोन शब्द आहेत. खूण पटते ती अंतर्यामात, म्हणजे अंतःकरणात. तिथे ‘अंतर्यामी’ ही सप्तमी. देवाचं नाव आलंय ते ‘यम्’ धातूवरून : आतून नियमन करणारा. बृहदारण्यक उपनिषदात (3.7) उद्दालक आरुणी याज्ञवल्क्यांना त्याच्याविषयी विचारतो. याज्ञवल्क्य पृथ्वीपासून सुरुवात करून मनापर्यंत येतात : जो मनात राहतो, मनाच्याही आत आहे, ज्याला मन ओळखत नाही, मन ज्याचं शरीर आहे, जो मनाला आतून चालवतो, तोच तुझा आत्मा, अंतर्यामी. त्याला पुढे ‘अविज्ञातो विज्ञाता’ म्हटलंय, स्वतः न कळणारा पण सारं जाणणारा. आपला रूढ अर्थ या दुसऱ्या अंगाचा. मला मात्र पहिलं अंग जास्त मोलाचं वाटतं. तो बाहेरून मनात डोकावत नाही, आधीपासून आतच आहे.

– क्षमेबद्दल. ‘क्षम्’ म्हणजे सोसणं, म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आठवतं, आपण याला ‘अरे कृष्णा, अरे यादवा’ म्हणत आलो, थट्टेत मान राखला नाही. तेव्हा तो म्हणतो, बाप मुलाचं सोसतो तसं माझं सोस. गीतेतला शब्दच ‘सोढुम्’ आहे (11.44). ‘माफ’ अरबीतून आला. त्या धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. म्हणून फी माफ होते, दंड माफ होतो. ‘दंडाची क्षमा झाली’ असं कुणी म्हणत नाही. क्षमा अपराधाची, खरं तर अपराध्याची. देवाकडे दोन्ही मागता येतात, पण शिक्षा टळावी एवढंच मनात असेल तर ती माफी झाली.

विचारणा : त्याला सगळं ठाऊकच आहे, तर मागायची कशाला?

– मागताना आपण कसं बोलतो ते बघा. सख्ख्या भावाला वाटणीत फसवलेला माणूस देवापुढे हात जोडून म्हणतो, ‘माझ्याकडून चूक झाली.’ जणू ती आपोआप घडली! ‘मी फसवलं’ हे वाक्य ओठांवर येत नाही. अंतर्यामीला कर्ता कोण ते ठाऊक आहे. ते कबूल करायचं असतं आपल्याला. गीता घोर दुराचाऱ्यालाही साधू मानायला सांगते (9.30), आणि कारण देते ‘सम्यग्व्यवसितो हि सः’, त्याचा निश्चय योग्य आहे म्हणून. हा निश्चय खरा की तोंडदेखला, हे आत असणाऱ्यालाच कळणार. म्हणून शब्द चुकले, श्लोक आला नाही, तरी काही अडत नाही. पण भावाचा हिस्सा परत न करता केलेला जप त्याला फसवू शकत नाही.

– ओघात आलंच आहे म्हणून : ‘मी क्षमस्व आहे’ असं हल्ली सर्रास लिहितात, ते चूक. ‘क्षमस्व’ म्हणजे ‘तू क्षमा कर’, आज्ञार्थी क्रियापद. स्वतःबद्दल सांगायचं तर ‘मी दिलगीर आहे’.